ग्राहीपासून गुणापर्यंत : संप्रेरक-ग्राही आणि हृद्‌रोग यांविषयीच्या अनुमानांची चिकित्सा

गोषवारा

हृदय व रक्तवाहिन्यांच्या पेशींत संप्रेरकांचे ग्राही असतात, हे आता निर्विवाद आहे. परंतु 'ग्राही आहे, म्हणून ते संप्रेरक दिल्यास रोग टळेल' असे अनुमान त्यावरून निघते काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात इस्ट्रोजेन-ग्राही आणि मिनरलोकॉर्टिकॉइड-ग्राही या दोन उदाहरणांच्या आधारे या अनुमानपद्धतीची चिकित्सा केली आहे. पहिल्या उदाहरणात यंत्रणेवरील विश्वासाने पुराव्याची जागा घेतली. दुसऱ्यात यंत्रणेवरील विश्वासामुळेच उपयुक्त औषध बराच काळ दूर राहिले. दोन्हींचा निकाल रुग्णांवरील चाचण्यांनीच लावला. या इतिहासातून अध्यापनासाठी व महाराष्ट्रातील स्त्रियांच्या आरोग्यविचारासाठी काय घ्यावे, याचा शेवटी परामर्श घेतला आहे.

प्रस्तावना

शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात संप्रेरकांचे प्रकरण उघडले, की कुलूप आणि किल्लीचा दृष्टान्त हमखास आढळतो. संप्रेरक ही किल्ली, पेशीतील ग्राही म्हणजेच रिसेप्टर हे कुलूप. किल्ली बसली की दार उघडते. वर्गात विषय समजावून देण्यासाठी हा दृष्टान्त सोयीचा आहे यात शंका नाही. मात्र तोच दृष्टान्त उपचारांची दिशा ठरवू लागला, की अडचणी निर्माण होतात. दार उघडल्यावर आत काय घडेल, ते घराच्या स्थितीवर अवलंबून असते. शिवाय एकच किल्ली शरीरातील अनेक दारांना लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांमधील हृद्‌रोगाच्या प्रतिबंधाबाबत जो मोठा वैद्यकीय वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अनुमानपद्धती होती. हा विषय केवळ जीवरसायनशास्त्राचा नाही. त्यात तर्कशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्हींचा संबंध येतो. म्हणूनच विविध विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी त्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

ग्राहींचा शोध

शिकागो येथील संशोधक एलवुड जेन्सन यांनी 1950 च्या दशकात किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेले इस्ट्राडायोल उंदरांच्या मादीला देऊन ते शरीरात कोठे जाते याचा माग घेतला. गर्भाशयासारख्या काही अवयवांत ते रासायनिक बदल न होता टिकून राहते, असे त्यांना आढळले. संप्रेरक हे विकराच्या अभिक्रियेत भाग घेऊन काम करते, हा त्या काळचा रूढ समज होता. जेन्सन यांच्या प्रयोगांमुळे तो मागे पडला आणि संप्रेरकाला धरून ठेवणाऱ्या विशिष्ट प्रथिनाची, म्हणजे ग्राहीची, कल्पना पुढे आली. 1980 च्या दशकाच्या मध्यास या ग्राहीच्या जनुकीय संकेताची ओळख पटली. स्वीडनमधील यान-आके गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेने 1996 मध्ये इस्ट्रोजेनचा दुसरा ग्राही शोधला. तेव्हापासून पहिल्यास 'अल्फा' व दुसऱ्यास 'बीटा' असे संबोधले जाते. 2005 मध्ये पेशीपटलांशी निगडित असलेल्या तिसऱ्या प्रकारच्या ग्राहीविषयीचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले.

हे ग्राही केवळ प्रजननसंस्थेत नसून रोहिण्यांच्या अंतःस्तरात, त्यांच्या भित्तीतील स्नायुपेशींत आणि हृदयाच्या पेशींतही आहेत, हे क्रमाने सिद्ध झाले. अंतःस्तरातील अल्फा-ग्राहीस इस्ट्रोजेन जोडले गेले, की काही मिनिटांतच नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर कार्यान्वित होते आणि रोहिणी शिथिल होते. जनुकांच्या पातळीवरील परिणाम तासांनी वा दिवसांनी दिसतात. हा परिणाम त्याहून खूपच जलद आहे. 1994 मध्ये अल्फा-ग्राहीचे जनुक निकामी असलेल्या एका तरुण पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या हृद्‌रोहिणीत अकाली विकृती सुरू झाल्याचे 1997 मध्ये नोंदवले गेले. एका व्यक्तीवरून नियम बांधता येत नाही. तरीही ग्राही आणि रोहिणीचे आरोग्य यांचा संबंध आहे, या मतास त्या निरीक्षणाने बळ दिले.

येथपर्यंतचा भाग भक्कम आहे. प्रस्तुत चिकित्सेचा रोख या शोधांवर नाही. त्यांच्यापासून पुढे घेतलेल्या उडीवर आहे.

अनुमानाच्या तीन पायऱ्या

ही उडी पुढीलप्रमाणे मांडता येईल. पहिली पायरी : रोहिणीत इस्ट्रोजेनचा ग्राही आहे. दुसरी पायरी : तो उद्दीपित झाल्यास पेशीत हितकारक बदल होतात. तिसरी पायरी : म्हणून रजोनिवृत्तीनंतर बाहेरून इस्ट्रोजेन दिल्यास हृद्‌रोग टळेल. पहिल्या दोन पायऱ्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या आहेत. तिसरी मात्र प्रयोगशाळेत तपासताच येत नाही. तिच्यासाठी हजारो स्त्रियांचा, अनेक वर्षांचा आणि प्रत्यक्ष रोगघटनांचा हिशेब लागतो.

तिसरी पायरी तर्कदृष्ट्या का डळमळीत आहे? पहिले कारण असे, की पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात पोहोचते. यकृतातही त्याचे ग्राही आहेत. तेथे ते कोलेस्टेरॉलचे प्रमाण सुधारते. पण त्याचबरोबर रक्त गोठवणाऱ्या घटकांचे संतुलन बिघडवते. म्हणजे रोहिणीतील लाभ आणि शिरेतील गुठळी ही एकाच गोळीची दोन फळे ठरतात. दुसरे कारण असे, की रोग जडलेल्या रोहिणीतील ग्राही हे निरोगी रोहिणीतील ग्राहीसारखे नसतात. मेदयुक्त थर साचलेल्या भागात अल्फा-ग्राहीच्या जनुकावर रासायनिक मोहर बसून ते मंदावते, असे 1999 मध्ये दाखवण्यात आले. अशा थरांत साठणारे कोलेस्टेरॉलचे एक व्युत्पन्न स्वतःच या ग्राहीला चिकटून इस्ट्रोजेनच्या कार्यात अडथळा आणते, हे 2007 मध्ये स्पष्ट झाले. तिसरे कारण व्यावहारिक आहे. चाचण्यांतील गोळी म्हणजे शुद्ध इस्ट्राडायोल नव्हते. ते गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळवलेल्या अनेक इस्ट्रोजेनांचे मिश्रण होते आणि त्याच्या जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन होते. 'ग्राही' एकवचनी, पण त्याला भेटणारे पदार्थ अनेक, ही वस्तुस्थिती दृष्टान्तात बसत नाही.

निरीक्षणांचा आधार आणि त्यातील उणिवा

तिसऱ्या पायरीला आधार म्हणून त्या काळी निरीक्षणात्मक अभ्यास पुढे केले जात. अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याचा जो दीर्घ अभ्यास 1976 मध्ये सुरू झाला, त्यात सुमारे 1,21,700 परिचारिका सहभागी होत्या. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात इस्ट्रोजेन घेत असलेल्या स्त्रियांमध्ये गंभीर हृद्‌रोगाची सापेक्ष जोखीम 0.56 आढळली. म्हणजे जोखीम जवळजवळ निम्म्यावर आली होती. हा आकडा पुढे दशकभर व्याख्याने, पाठ्यपुस्तके आणि औषधांच्या जाहिराती यांतून फिरत राहिला.

तथापि याच काळातील तीन गोष्टींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. एक, 1985 मध्ये एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले होते. परिचारिकांच्या अभ्यासाने इस्ट्रोजेनमुळे जोखीम घटल्याचे सांगितले, तर फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने ती वाढल्याचे सांगितले. पुढील काळात पहिला वारंवार उद्धृत झाला आणि दुसरा मागे पडला. दोन, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्याचा प्रयोग अमेरिकेत आधीच झाला होता. रोजच्या 5 मिलिग्रॅम मात्रेचा गट 1970 मध्ये आणि 2.5 मिलिग्रॅम मात्रेचा गट 1973 मध्ये थांबवावा लागला होता, कारण लाभाऐवजी अपाय दिसू लागला होता. 'ते पुरुष होते आणि मात्रा मोठी होती' असे म्हणून तो धडा बाजूला ठेवण्यात आला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु प्रतिकूल पुराव्याला जी कठोर कसोटी लावली, ती अनुकूल पुराव्याला लावली गेली नाही.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. 1987 च्या परिचारिकांच्याच विश्लेषणात दोन्ही बीजांडकोश काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांमध्ये हृद्‌रोगाची जोखीम दुपटीहून थोडी अधिक आढळली होती. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतर मात्र वय व धूम्रपान यांचा हिशेब केल्यावर तशी लक्षणीय वाढ दिसली नव्हती. 'इस्ट्रोजेन संपते, म्हणून हृद्‌रोग येतो' हे सरळ समीकरण त्याच सामग्रीत तुटत होते. तरीही प्रचारात ते समीकरणच राहिले.

निरीक्षणात्मक अभ्यासाचा मूलभूत दोष येथे सांगणे आवश्यक आहे. स्वेच्छेने संप्रेरक घेणाऱ्या स्त्रिया सरासरीने अधिक शिकलेल्या, अधिक सुस्थितीतील आणि नियमित वैद्यकीय तपासणी करून घेणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय निरोगी राहिले ते गोळीमुळे की परिस्थितीमुळे, हे केवळ निरीक्षणाने वेगळे करता येत नाही. शिवाय या अभ्यासात प्रश्नावली दर दोन वर्षांनी भरली जाई. गोळी सुरू करून थोड्याच काळात झटका आलेली स्त्री पुढील प्रश्नावलीत 'गोळी घेणारी' म्हणून नोंदली जाण्याची शक्यता कमी होती. प्रारंभीचा अपाय असा हिशेबातून निसटत होता.

चाचण्यांचा निकाल

1998 मध्ये हृद्‌रोग असलेल्या 2763 स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय सुमारे 67 होते. सरासरी 4.1 वर्षांनंतर झटका वा हृद्‌रोगाने मृत्यू अशा घटना संप्रेरकाच्या गटात 172 आणि औषधरहित गोळीच्या गटात 176 होत्या. म्हणजे फरक नव्हताच. उलट पहिल्या वर्षात संप्रेरकाच्या गटात घटना अधिक होत्या. विशेष म्हणजे या गटात एलडीएल कोलेस्टेरॉल 11 टक्क्यांनी घटले होते आणि एचडीएल 10 टक्क्यांनी वाढले होते. रक्तातील निदर्शक सुधारला, पण रुग्ण सुधारला नाही. या एका निष्कर्षासाठीसुद्धा ही चाचणी अभ्यासक्रमात शिकवली जावी.

त्यानंतर जुलै 2002 मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन भाग सरासरी 5.2 वर्षांनंतर नियोजित मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. त्यात 50 ते 79 वयाच्या 16,608 स्त्रिया होत्या. दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला हृद्‌रोगाच्या 7, पक्षाघाताच्या 8, फुप्फुसातील गुठळीच्या 8 आणि आक्रमक स्तनकर्करोगाच्या 8 घटना अधिक आढळल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 6 आणि खुब्याच्या अस्थिभंगाच्या 5 घटना कमी होत्या. गर्भाशय काढलेल्या 10,739 स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देणारा दुसरा भाग 2004 मध्ये थांबला. त्यात हृद्‌रोगाची सापेक्ष जोखीम 0.91 होती. म्हणजे हृदयाला ठोस लाभ नाही आणि अपायही नाही. पक्षाघात मात्र वाढला होता.

या निष्कर्षांचे वाचनही चिकित्सेस पात्र आहे. 'जोखीम 29 टक्क्यांनी वाढली' आणि 'दहा हजारांत सात घटना वाढल्या' ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे आहेत. वृत्तपत्रांनी पहिले रूप उचलले. परिणामी अनेक स्त्रियांनी तीव्र त्रास असतानाही उपचार सोडले. ज्यांनी 1991 चा 0.56 हा आकडा अवाजवी उत्साहाने पसरवला आणि ज्यांनी 2002 चा 1.29 हा आकडा अवाजवी भीतीने पसरवला, त्या दोघांची चूक एकाच जातीची होती. सापेक्ष आकडा त्यांनी निरपेक्ष सत्य म्हणून मांडला.

कालगृहीतक : स्पष्टीकरण की सारवासारव?

चाचण्यांनंतर 'कालगृहीतक' पुढे आले. रजोनिवृत्तीनंतर लवकर, म्हणजे रोहिणी अजून निरोगी असताना, संप्रेरक दिल्यास लाभ होतो. उशिरा दिल्यास अपाय होतो, असे त्याचे सार आहे. माकडांवरील प्रयोग याला पोषक होते. बीजांडकोश काढल्यावर लगेच इस्ट्रोजेन दिल्यास रोहिणीतील थर कमी साचत. दोन वर्षांनी दिल्यास तो परिणाम दिसत नसे. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या 2007 मधील पुनर्विश्लेषणात रजोनिवृत्ती होऊन दहा वर्षांपेक्षा कमी काळ लोटलेल्या स्त्रियांत हृद्‌रोगाची सापेक्ष जोखीम 0.76, दहा ते एकोणीस वर्षे झालेल्यांत 1.10 आणि वीस वा अधिक वर्षे झालेल्यांत 1.28 आढळली. पक्षाघाताची जोखीम मात्र काळानुसार बदलली नाही.

हे गृहीतक ग्राहींच्या ज्ञानाशी सुसंगत आहे, हे मान्य करावे लागते. निरोगी अंतःस्तरात ग्राही कार्यक्षम असतो, रोगग्रस्त भागात तो मंदावतो, म्हणून काळाला महत्त्व येते, हे पटण्याजोगे आहे. परंतु पटण्याजोगे असणे आणि सिद्ध असणे यांतील अंतर विसरल्यामुळेच मागील चूक झाली होती. त्यामुळे येथेही पुरावा नीट तपासावा लागेल. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रजोनिवृत्ती होऊन तीन वर्षांच्या आतील 727 निरोगी स्त्रियांना चार वर्षे संप्रेरके दिली गेली. मानेतील रोहिणीच्या भित्तीची जाडी वाढण्याच्या वेगात औषधरहित गटापेक्षा फरक पडला नाही. 2016 मधील दुसऱ्या चाचणीत 643 स्त्रिया होत्या. लवकर इस्ट्राडायोल सुरू केलेल्या गटात ही जाडी वर्षाला 0.0044 मिलिमीटरने वाढली, तर औषधरहित गटात 0.0078 मिलिमीटरने. उशिरा सुरू केलेल्या गटात असा लाभ दिसला नाही. तथापि हृद्‌रोहिणीच्या सीटी तपासणीत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही.

सारांश, कालगृहीतकाला आधार आहे, पण तो मुख्यतः उपगटांच्या विश्लेषणाचा आणि भित्तीच्या जाडीसारख्या निदर्शकांचा आहे. लवकर उपचार सुरू केलेल्या स्त्रियांत झटके व मृत्यू टळतात काय, हे पाहण्याइतकी मोठी व दीर्घ यादृच्छिक चाचणी झालेली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील हृद्‌रोगविषयक ठळक इशारा काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. ज्या स्त्रियांना रजोनिवृत्तीचा तीव्र त्रास होतो त्यांच्या मनातील अनावश्यक भीती दूर होणार असेल, तर त्याचे स्वागतच करावे. परंतु 'इशारा निघाला' याचा अर्थ 'हृदयाचे रक्षण सिद्ध झाले' असा लावणे, म्हणजे तीच तिसरी पायरी पुन्हा डोळे मिटून चढणे होय.

प्रतिउदाहरण : मिनरलोकॉर्टिकॉइड-ग्राही

ग्राहीवर आधारलेला विचार नेहमीच फसतो, असा समज होऊ नये यासाठी दुसरे उदाहरण घेणे इष्ट आहे. अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे आल्डोस्टेरोन हे मूत्रपिंडातील मिनरलोकॉर्टिकॉइड-ग्राहीद्वारे मीठ राखून ठेवते. हा ग्राही हृदयातही आहे आणि तेथे त्याच्या अतिरेकी उद्दीपनाने तंतुमय ऊती वाढते. त्याला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध अनेक दशके उपलब्ध होते. तरीही हृदय अपुरे पडलेल्या रुग्णांसाठी त्याचा विचार होत नसे. एसीई-रोधक औषधांनी आल्डोस्टेरोनची निर्मिती थांबतेच, मग ग्राही वेगळा अडवण्याची गरज काय, असा युक्तिवाद होता. शिवाय दोन्ही औषधे एकत्र दिल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाईल, अशी भीती होती.

म्हणजे येथे यंत्रणेच्या आधारे केलेल्या तर्काने औषध दूर ठेवले होते. 1999 मध्ये बर्ट्रम पिट व सहकाऱ्यांनी तीव्र विकार असलेल्या 1663 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सरासरी दोन वर्षांत औषधरहित गटात 46 टक्के रुग्ण दगावले, तर स्पायरोनोलॅक्टोनच्या गटात 35 टक्के. आल्डोस्टेरोनची निर्मिती एसीई-रोधकांनी पुरेशी थांबत नाही, हे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे अधिक उद्‌बोधक आहे. या ग्राहीला कॉर्टिसोलही तितक्याच सहजतेने चिकटते. मूत्रपिंडात एक विकर कॉर्टिसोलला निष्क्रिय करून ग्राही आल्डोस्टेरोनसाठी राखून ठेवते. हृदयाच्या स्नायुपेशींत हे संरक्षण जवळजवळ नसते. तेव्हा ग्राहीचे नाव एका संप्रेरकावरून पडले असले, तरी त्याचा कबजा दुसऱ्याकडे असू शकतो. 2000 मध्ये या ग्राहीतील एका उत्परिवर्तनाचे वर्णन झाले. त्यामुळे ऐन तारुण्यात तीव्र उच्च रक्तदाब होतो आणि गरोदरपणी तो अधिकच बळावतो, कारण बदललेल्या ग्राहीला प्रोजेस्टेरोन उद्दीपित करते. एरवी या ग्राहीला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोनही त्या बदललेल्या ग्राहीला उद्दीपित करते. 'अडवणारे' आणि 'उघडणारे' हे गुण औषधाचे एकट्याचे नसून ग्राही आणि औषध यांच्या जोडीचे असतात, हे यावरून दिसते.

या यशालाही मर्यादा आहेत. स्पायरोनोलॅक्टोन पुरुष-संप्रेरकाच्या ग्राहीलाही अडवते. त्यामुळे उपरोक्त चाचणीत 10 टक्के पुरुषांना स्तनांची वाढ वा वेदना झाली. औषधरहित गटात हे प्रमाण 1 टक्का होते. चाचणीनंतर कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात हृदय अपुरे पडलेल्या वृद्ध रुग्णांत या औषधाचा वापर हजारी 34 वरून 149 पर्यंत वाढला. त्याबरोबर पोटॅशियम वाढल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही हजारी 2.4 वरून 11 वर गेले, असे 2004 मध्ये दिसून आले. चाचणीतील काटेकोर देखरेख नित्याच्या व्यवहारात उतरली नव्हती. पुढे 2014 मध्ये हृदयाचे आकुंचन टिकून असलेल्या 3445 रुग्णांवरील चाचणीत मुख्य निकषावर निर्णायक लाभ दिसला नाही. 2024 मध्ये झटक्यानंतर रोहिणी उघडलेल्या 7062 रुग्णांवरील चाचणीतही तो दिसला नाही. त्याच वर्षी फिनेरेनोन या नव्या औषधाने सुमारे 6000 रुग्णांत विकार बळावण्याच्या घटना व हृद्‌रोगजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 16 टक्क्यांनी घटवले. केवळ मृत्यूंत मात्र निर्णायक घट झाली नाही. ग्राही तोच, पण औषध, रुग्ण आणि रोगाची अवस्था बदलली की उत्तर बदलते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

या चर्चेचा आपल्या समाजाशी थेट संबंध आहे. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, सरासरीने वयाच्या 46-47 च्या सुमारास होते. त्याहून गंभीर बाब शस्त्रक्रियांची आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने 2019 मध्ये समिती नेमली. पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. गर्भाशयासोबत बीजांडकोश काढल्यास इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत तत्काळ बंद होतो. बीजांडकोश राखले, तरी त्यांचे कार्य अपेक्षेपेक्षा लवकर संपण्याची शक्यता वाढते.

अशा अडतीस वर्षांच्या स्त्रीच्या हृदयाविषयी सरासरी 63 वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रियांवरील चाचणी काय सांगू शकते? प्रामाणिक उत्तर 'फारच थोडे' असे आहे. अकाली रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असा सल्ला तज्ज्ञांच्या संघटना देतात. त्याचा आधार मुख्यतः निरीक्षणांचा असला, तरी हाडांच्या व हृदयाच्या आरोग्याचा एकत्रित विचार करता तो ग्राह्य वाटतो. 2002 च्या भीतीपोटी अशा स्त्रीला उपचार नाकारणे चुकीचे आहे. तसेच तिच्या उदाहरणावरून साठी उलटलेल्या स्त्रीला हृदयरक्षणासाठी गोळी देणेही चुकीचे आहे. परंतु या प्रश्नाचा पहिला भाग औषधशास्त्राचा नाहीच. मजुरी बुडू नये म्हणून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीपुढील पर्याय ग्राही ठरवत नाही. तिची उचल, मुकादम आणि आरोग्यसेवेची उणीव ते ठरवतात. शस्त्रक्रियेनंतर तिचा रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी व्हावी, ही किमान अपेक्षा आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, ग्राहीचे ज्ञान हे प्रश्न विचारण्याचे साधन आहे. उत्तराची जागा ते घेऊ शकत नाही. दुसरा, यंत्रणेवरील अतिविश्वास दोन्ही दिशांनी घात करतो. त्याने इस्ट्रोजेन लाखो स्त्रियांपर्यंत पुराव्याआधी पोहोचवले आणि स्पायरोनोलॅक्टोन हजारो रुग्णांपासून पुरावा मिळेपर्यंत दूर ठेवले. तिसरा, रक्तातील निदर्शक सुधारणे आणि आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथा, चाचणीचे उत्तर हे तिच्यातील रुग्ण, मात्रा आणि कालावधी यांपुरते असते. ते ताणताना प्रत्येक वेळी कारण द्यावे लागते.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. पदवी स्तरावर संप्रेरकांचे प्रकरण शिकवताना ग्राहींच्या आकृतीनंतर लगेच 1998 व 2002 च्या चाचण्यांचे आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि विसंगतीचे कारण त्यांनाच शोधू द्यावे. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक येथे यकृतातील ग्राहीकडे बोट दाखवील, संख्याशास्त्राचा प्राध्यापक निवडीतील पूर्वग्रहाकडे, तर समाजशास्त्राचा प्राध्यापक गोळी कोण घेऊ शकत होते याकडे. तिघांचीही उत्तरे आवश्यक आहेत आणि एकट्याचे कोणाचेच पुरेसे नाही. आंतरविद्याशाखीय अध्ययनाची गरज आपण चर्चासत्रांतून वारंवार मांडतो. ती वर्गात दाखवण्यासाठी याहून अधिक उपयुक्त उदाहरण क्वचितच मिळेल.